अंगणात पुरलेली गाठ

"पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठं आहे?" सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा एमआरआयचा लिफाफा माझ्या मांडीवर होता. उजव्या दंडातली गाठ वर्षाच्या आत परत आली होती आणि स्नायूत शिरली होती. डॉक्टर म्हणाले, "सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असू शकतो. तसं निघालं तर हात वाचेलच, असं आत्ता सांगता येणार नाही."

मी एसटीत कंडक्टर आहे, आर्वी डेपोला. डावा हात दांड्याला, उजव्यानं तिकीट, पैसे, घंटीची दोरी. त्याच हाताबद्दल डॉक्टर बोलत होते.

रिपोर्टचं उत्तर शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दिलं. "रिपोर्ट नाई, डॉक्टरसाहेब. तो डबा म्या पुरला."

झालं होतं ते असं. वर्षापूर्वी आर्वीतल्या एका छोट्या दवाखान्यात ती गाठ काढली. चरबीची दिसते, पण तपासायला पाठवाच, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. नर्सनं गाठ प्लास्टिकच्या डब्यात औषधाच्या पाण्यात घातली आणि लॅबमध्ये द्या म्हणून सासूबाईंच्या हाती दिली. सासूबाई आमच्या गावच्या दाई. उभा जन्म त्यांनी बाळंतपणं केली आणि प्रत्येक बाळाची वार अंगणात खोल खड्डा करून पुरली. कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू द्यायची नाही, परक्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. बाईच्या अंगातून निघालं ते मातीत गेलं पाहिजे, एवढंच त्यांना ठाऊक. माझी गाठही त्यांनी न्हाणीमागं पुरली.

आणि मी? टाके काढताना डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला, तर "आणते" म्हटलं आणि ड्युटीवर निघून गेले. चरबीची आहे हे ऐकलं होतं, पुढचं ऐकायचंच नव्हतं मला.

पण त्या खोलीत मला माझी चूक कुठली दिसायला! मी ओरडले, "आई, तुम्ही माहा हात पुरला!" दारातली माणसं वळून पाहायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद ओढला आणि समजावून सांगितलं. कॅन्सर हा एकच आजार नाही. गाठ ज्या प्रकारच्या पेशींतून उगवली, त्यावरून तिचं नाव ठरतं. कातडीतून किंवा आतल्या अवयवांच्या अस्तरातून उगवली तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांतून उगवली तर सार्कोमा. लसिकाग्रंथींतली लिम्फोमा. रक्त जिथं तयार होतं, त्या हाडाच्या मगजातून सुरू झाला तर ल्युकेमिया, त्यात गाठ दिसेलच असं नाही. चरबीची साधी, निरुपद्रवी गाठ म्हणजे लायपोमा, तिथलीच वाईट चालीची म्हणजे लायपोसार्कोमा. "स्तनाचा कॅन्सर फुप्फुसात पोचला तरी आम्ही त्याला स्तनाचाच म्हणतो आणि औषधही त्याचंच देतो," ते म्हणाले.

हे मला लगेच कळलं. आर्वीत चढलेला माणूस पुढच्या आंजी गावात बिनतिकीट सापडला, तरी तिकीट आर्वीपासूनच फाडावं लागतं. माझ्या गाठीचं मात्र कुठून चढली तेच कुणाला माहीत नव्हतं.

मग कोअर बायोप्सी झाली. म्हणजे जाड सुईनं गाठीच्या आतून बारीक तुकडे काढतात. दुखतं, पण सोसवतं. त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची तपासणी. पेशींवर खास रसायनं टाकून, त्या मूळच्या कुठल्या ते ओळखायचं. दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तुमच्यावर अशी पाळी आली तर सांगून ठेवते, सुईपेक्षा हे थांबणं जास्त दुखतं.

घरी मी सासूबाईंशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात दिसल्या नाहीत. न्हाणीमागं पाहिलं तर चार-पाच ठिकाणी खणलेलं, खुरपं तिथंच टाकलेलं. तेवढ्यात वर्ध्याच्या गाडीवरच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. "अवं, तुही सासू माह्या गाडीत हाय. मांडीवर डबा घेऊन बसली, खाली ठेव म्हटलं तर ठेवून नाई राह्यली. सेवाग्रामले चालली म्हणते." आर्वीच्या पुढं एकटीनं कधी न गेलेली बाई! मी मागच्या गाडीनं धावले.

पोचले तर सासूबाई डॉक्टरांसमोर उभ्या होत्या, नखांत माती. "उघडून पाह्यलं होतं तवा डोळ्याले लई झोंबलं. मनून झाकण घट्ट लावलं अन् डब्यासगट पुरलं," त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी डबा उजेडात धरला. पाणी शाबूत होतं. "बरंच जुनं आहे, किती कळेल सांगत नाही," ते म्हणाले, "पण मावशी, हे फार कामाचं आणलंत." मला रडूच फुटलं. राग होताच, पण त्या नखांकडे बघून तो धरवेना.

रिपोर्ट आला. डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस. शरीराला बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या पेशींतून उगवणारी गाठ. ती जागेवर पसरते, काढली तरी परत येऊ शकते, पण दुसऱ्या अवयवात जात नाही. सार्कोमा नव्हता. जुन्या गाठीतही त्याच पेशी दिसल्या, म्हणजे वर्षभरात तिनं चाल बदलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "घाईनं कापायचं नाही. गोळ्या सुरू करू, दर तीन महिन्यांनी एमआरआय. हात राहणार."

गाठ अजून आहे. एमआरआयच्या आदल्या रात्री मी सगळे जुने रिपोर्ट पुन्हा पुन्हा लावून ठेवते. पण तुम्हाला हात जोडून सांगते, अंगातून काढलेलं काहीही तपासल्याशिवाय सोडू नका. आणि घरातल्या कुणाच्या हाती डबा दिलात, तर तो कशासाठी आहे हे बसून समजावून सांगा. मी ते केलं नव्हतं.

गोळ्या सुरू होऊन चार-पाच महिने झाले, तेव्हा एका सकाळी माझा हात डोक्यापर्यंत गेला. गाठीमुळं इतके दिवस तो खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून माझी वेणी सासूबाईच घालायच्या. अबोला होता तेव्हाही रोज, न चुकता, न बोलता. त्या सकाळी मी आरशासमोर स्वतःच तीन पेड घातले. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मग आत आल्या, माझ्या हातातून फणी घेतली आणि सगळी वेणी सोडून टाकली.

"आई, आता जमते मले."

"जमते तं जमू दे," त्या म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले.