किटलीचा हिरवा ठिपका

आकडेबुवाने दुसरी बाई ठेवलीय, ही बातमी ऑफिसात पहिल्यांदा फोडली ती रिसेप्शनवरच्या बाईंनी. त्यांच्या पोटात दगड पचेल, पण बातमी पचायची नाही. हा गृहस्थ म्हणे रोज सकाळी आठच्या सुमाराला मोबाईल बघतो, गालातल्या गालात हसतो आणि पुटपुटतो, "उठली!" आता बायको तर त्याच्या आधी उठून डबा भरून द्यायची. मग उठली कोण?

"आकडेबुवा, कोण हो ही उशिरा उठणारी?" शेजारच्या टेबलावरून एकीने छेडलंच.

"आहे एक महाराणी," तो म्हणाला. झालं! आगीत तेल.

कंपनीच्या मशीनांची नाडी क्लाउडवरच्या एका देखरेख सेवेत दिसायची. तयार आकडे कुणीही बघेल. पण किती ऑर्डरी अडकल्या, किती गिऱ्हाइकं वैतागून निघून गेली, असले आपल्याला हवे ते आकडे मोजून तिकडे धाडण्यात आकडेबुवाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आकडा बिघडला की फोनवर गजर. रात्री बंद ठेवलेल्या मशीनांमुळे फुकटचे गजर व्हायला लागले, तेव्हा त्यानेच नियम घातला: आकडा आलाच नाही, तर सगळं ठीक समजायचं. साहेबांनी पाठ थोपटली होती.

आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. रोज फोन केला की उखडायची, "मेले की आहे ते बघतोस होय रे? शेजारीण कळवेल. ठेव!"

मग त्याने तिच्या विजेच्या किटलीला एक डबी जोडली. "यानं वीज वाचते, आई," अशी थाप मारली. डबी दर पाच मिनिटांनी आकडा धाडायची. किटली चालू असेल तर एक, नाहीतर शून्य. साडेसातपर्यंत नुसती शून्यंच आली की गजर, नाहीतर फोनवर हिरवा ठिपका. बाकीची मांडणी त्याने ऑफिसातली जशीच्या तशी उचलली. तिच्याबरोबर तो नियमही आला.

सुरुवातीला तो सगळा आलेख निरखायचा. पुढेपुढे नुसता हिरवा ठिपका बघून "उठली" म्हणायचा.

त्या मंगळवारी आई किटली लावायला गेली आणि ओट्यापाशी कोसळली. पडताना वायर ओढली गेली, डबी भिंतीतल्या सॉकेटमधून निघाली आणि बंद पडली. एक आला नाही, शून्यही आलं नाही. ठिपका हिरवाच. तो "उठली" म्हणाला. बुधवारीही म्हणाला.

गुरुवारी शेजारणीचा फोन आला.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. आठ वाजले, मोबाईल खिशातच.

"सोडून गेली वाटतं," रिसेप्शनवरच्या बाई कुजबुजल्या.

ती बाई त्याची आई होती. ती मंगळवारी गेली. त्याला गुरुवारी कळलं.