धुतलेले रुमाल आणि खालच्या गावाचा पाट

लाल रुमाल सोडला आणि आतून वाघ निघाले.

एक-दोन नाही, पानोपान वाघ. चोपड्याकडच्या सातपुड्यात कोणी कुठे मारला, नाकापासून शेपटीपर्यंत किती लांब भरला, कातडं कोणाकडे जमा केलं, अशी सगळी नोंद. ते सगळे वाघ आज जिवंत असते तर खानदेशात माणसांना उभं राहायला जागा उरली नसती. अडचण एवढीच होती की रुमालावर नाव साक्री तालुक्यातल्या एका गावाचं होतं, आणि टेबलापलीकडे त्या गावचे आबा डोळ्यांत प्राण आणून बसले होते.

"अक्का, आमना पाट निंघना का?"

"आबा, सध्या वाघ निघालेत."

"वाघ बी पाणी पेवाले पाटवरच येतीन ना," आबा म्हणाले. पण हसले नाहीत.

मी धुळ्यात जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरात काम करते. इंग्रजांच्या काळात खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. त्यामुळे साक्रीपासून पार तिकडे जळगावपर्यंतचे जुने कागद आमच्याच कपाटांत आहेत. हे कागद फाइलमध्ये नसतात, कापडात बांधलेले असतात. लाल खारव्याच्या त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. हा रुमाल खिशात ठेवायचा म्हटलं तर खिसा बैलगाडीएवढा लागेल. आतली लिपी बहुतेक मोडी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शाईत पाय बुडवून मुंगळा कागदावरून पळालाय. मी ती वाचते. माझ्या घरचे म्हणतात, हिला मोडी वाचता येते, पण वाणसामानाच्या यादीतलं स्वतःचं अक्षर वाचता येत नाही.

आता आबांचं काम. नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे. तिथून पाट निघायचा आणि आधी वरच्या गावाला, मग खालच्या, म्हणजे आबांच्या गावाला पाणी द्यायचा. गावांची नावं मुद्दाम सांगत नाही, नाहीतर दोन्हीकडचे लोक मला साक्रीच्या बाजारात गाठतील. आमच्याकडे या व्यवस्थेला फड म्हणतात. सगळ्यांची शेतं मिळून एक फड, फडात एकच पीक, आणि पाणी पाळीपाळीनं. पाळी ठरवणारा पाटकरी गावच नेमतं. सरकार जन्मायच्या आधीपासून हे चालत आलंय.

आबांच्या आजोबांच्या लहानपणी खालच्या गावाचा पाट गाळानं बुजला. मग त्यावर झुडपं आली. मग वरच्या गावातल्या कोणीतरी त्यावर कांदा लावला. आता बंधाऱ्याची दुरुस्ती मंजूर झाली होती, आणि इंजिनीअरसाहेबांच्या आराखड्यात पाट वरच्या गावाशी संपत होता. वरचे लोक म्हणत होते, खाली पाट कधी नव्हताच. सोमवारी सुनावणी होती. बुधवार अर्धा सरला होता. कागद मिळाला तर आराखड्यात पाट, नाही तर खालच्या गावाला पुढच्या शंभर वर्षांसाठी पावसाकडे बघत बसणं.

मी शेजारचा रुमाल सोडला. त्यावर नाव दोंडाईच्याचं, आत साक्रीकडच्या जंगलातल्या लाकडाची परवानगी. तिसरा सोडला. नाव अमळनेरचं, आत शिरपूरकडच्या रस्त्यांबद्दलचा अर्ज. एक रुमाल चुकला तर समजू शकतं. ओळीनं तीन चुकणं म्हणजे लग्नात तिन्ही नवरदेव भलत्याच मांडवात उभे.

मी साहेबांकडे गेले. साहेब नवीन, विदर्भातून आलेले, वक्तशीर आणि घाबरट.

"सर, सात नंबरच्या कपाटातलं कापड आणि कागद जुळत नाहीत."

"सूची बरोबर आहे ना?"

"सूची बरोबर आहे. कपाट खोटं बोलतंय."

"मॅडम, कपाट खोटं बोलत नसतं. अर्जदाराला लिहून द्या, 'अभिलेख आढळून आला नाही'. विषय संपला."

हे चार शब्द दिसायला गरीब आहेत. पण सुनावणीत ते वाचले की वरचे लोक लगेच म्हणणार, बघा, सरकारच म्हणतंय पाट नव्हता. सापडलं नाही आणि नव्हतं, यातला फरक कचेरीत कोणी विचारात घेत नाही.

"सर, शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"एकशे वीस रुमाल आहेत त्या कपाटात. सगळे उघडणार? कागद हातात तुकडे होतील. दिवसाला पाचच उघडायचे हा नियम तुम्हीच मला शिकवलाय."

मीच शिकवला होता. माणसानं साहेबांना फार शिकवू नये.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी अमळनेरची एसटी पकडली. तिथे आमचे जुने दप्तरी नाना राहतात. दप्तरी म्हणजे रुमाल बांधणारा, सोडणारा, कपाटात लावणारा माणूस. नानांनी बांधलेली गाठ बैलजोडी लावूनही सुटत नसे. मी ओट्यावर टेकले, चहा आला, आणि मी सरळ विचारलं.

"नाना, सात नंबरच्या कपाटाला काय झालं होतं?"

नानांनी कप खाली ठेवला. "कोणी सांगितलं तुला?"

"वाघांनी."

नानांनी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ते नोकरीत नवे असताना मुंबईहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. इथल्या तेव्हाच्या साहेबांनी हुकूम सोडला, सगळं चकाचक पाहिजे. नानांनी तो अक्षरशः पाळला. सात नंबरच्या कपाटातले सगळे रुमाल सोडले, कागदांचे गठ्ठे ओळीनं फरशीवर मांडले, आणि कापडं पांझरेवर नेऊन साबणानं धुतली. दगडावर आपटून आपटून!

"नदी लाल झाली होती पोरी," नाना म्हणाले. "लोक समजले, वर कुठं बोकड कापले."

"आणि कापडावरची नावं?"

"नावं पक्की. ती बिब्ब्यानं लिहिलेली. जन्मात जायची नाहीत. पण मोडीत होती ना! मला मोडी कुठे येते?"

"मग परत बांधले कसे?"

"माप बघून." नाना अगदी शिंप्याच्या तोऱ्यात म्हणाले. "जाड गठ्ठ्याला मोठं कापड, बारक्याला लहान. एकही ढिला बसला नाही. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली माझी."

त्या दिवसापासून सात नंबरचं कपाट दुसऱ्याचे कपडे घालून उभं होतं, आणि नाना ते निवृत्तीपर्यंत पोटात घेऊन हिंडले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण एकशे वीस रुमाल एका दिवसात धुऊन, वाळवून, मापानं बांधणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? निघताना त्यांनी केळीची अख्खी फणी माझ्या पिशवीत कोंबली. बहुधा तोंड बंद ठेवण्यासाठी. केळी संपली, आता सांगायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी आबा माझ्या आधी हजर. मी त्यांच्या गावाचं रिकामं कापड टेबलावर पसरलं आणि सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, तुमचा कागद या कपाटातच आहे, पण कोणाच्या कपड्यात ते देव जाणे.

आबांनी कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. नावाच्या बाजूला बारीक भोकं होती. आबांनी बोट फिरवलं.

"पाच भोकं शेत, अक्का."

"कसर लागलीय. ती सगळीकडे असते."

"तशं नही. आमना कपाशीवर बोंडअळी येस. ती भायेरथून छेद करीसन मधमा जास. भायेरनं भोक दखं का आमले समजस, मधमा कोठे खायेल शे. आते सांगा, कापडले भोक पाडीसन ही अळी काय घर वापस गई व्हई?"

 इतकी वर्षं कसरीचा नायनाट करण्यासाठी मी औषधं मारतेय, अहवाल लिहितेय, आणि ती बिचारी पत्ता लिहून ठेवत होती! कागद त्या कापडात असताना अळी कापडातून आत गेली असेल, तर गठ्ठ्याच्या वरच्या पानावर तशीच पाच भोकं असणार, त्याच आकारात, त्याच अंतरावर. कापड बदललं तरी कागदावरची भोकं कुठे जाणार?

आता प्रश्न साहेबांचा. मी शुद्ध सरकारी भाषेत टिपणी लिहिली. 'सात क्रमांकाच्या कपाटातील रुमालांना कीड लागल्याचे निदर्शनास आले असून फक्त बाहेरील कापड सैल करून वरच्या पानाची तपासणी करणे आवश्यक आहे.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

साहेबांनी दोनदा वाचली. "कागद उघडणार नाही ना?"

"सर, रुमाल सोडणं वेगळं, कागद उघडणं वेगळं."

"आणि ते आबा?"

"ते किडीचे जाणकार आहेत. कापूस पिकवतात."

साहेबांनी सही केली. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. घाबरट माणसाला धीर नको असतो, फक्त टिपणी नीट लिहिलेली लागते.

ट्रेसिंग पेपरवर मी ती पाच भोकं उतरवून घेतली. मी गाठ सैल करायची, वरचं पान उघडं करायचं, ट्रेसिंग ठेवून पाहायचं. नानांच्या गाठी सोडता सोडता माझी नखं संपली, कानाच्या पाळ्यांपर्यंत धूळ गेली, आणि मी अशी शिंकले की शेजारच्या कचेरीतला पंखा बंद पडला. चौतिसाव्या रुमालात पाच भोकं सापडली. आबा उठून उभे राहिले. मी वाचलं. जळगावकडच्या कुठल्याशा शाळेच्या छपराचा अर्ज. ट्रेसिंग नीट ठेवलं तर शेवटचं भोक बोटभर सरकलेलं. आबा परत बसले. चहाही नको म्हणाले.

साडेचार वाजता एकाहत्तरावा रुमाल सोडला. मी ट्रेसिंग ठेवलं. पाचही भोकं भोकांवर बसली, जणू सदऱ्याची बटणं लागली. वरच्या पानावर आबांच्या गावाचं नाव, खाली 'पाटपाण्याची वहिवाट'. हा रुमाल मात्र साहेबांना बोलावून, नियमानं, त्यांच्या समोर उघडला. आत हातानं काढलेला नकाशा होता. बंधारा, वरचं गाव, आणि तिथून पुढे निळ्या शाईची रेघ सरळ खालच्या गावाच्या फडापर्यंत. पाळीही लिहिलेली. वरच्या गावाला दोन दिवस, खालच्या गावाला एक दिवस.

मी मोठ्यानं वाचत होते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मन्हा आजला हाईच सांगे," ते आपल्या आजोबांबद्दल म्हणाले. "बठ्ठं गाव त्याले येडा म्हने."

मग मी शेवटचं पान वाचलं. त्यात लिहिलं होतं की पाळी सुरू व्हायच्या आधी, दर उन्हाळ्यात, बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत अख्ख्या पाटाचा गाळ खालच्या गावानं काढायचा. वरच्या गावच्या हद्दीतलाही. ज्या वर्षी गाळ निघणार नाही, त्या वर्षी खाली पाणी नाही.

आबांनी टोपी परत घातली.

"अक्का, या शेवटना पानवर बी भोकं शेत ना?"

"आहेत."

"मंग लिखी टाका ना, हाई पान कसरनी खायं. वाचता येत नही."

"आबा, स्वच्छ वाचता येतंय."

"तुमले येस. दुसरा कोन्हाले येस?"

प्रश्न बरोबर होता. साहेबांना मोडी येत नव्हती, इंजिनीअरला येत नव्हती, वरच्या गावाला तर नाहीच. मी ते पान सोडून दिलं असतं तर या पृथ्वीवर कोणाला कळलं नसतं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. कामात नसलेला माणूस किती एकाग्रतेनं खिडकीबाहेर बघू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आबा," मी म्हटलं, "मी शेवटचं पान खाल्लं तर उद्या कोणी पहिलंही खाईल. नक्कल अर्धी देता येत नाही. सगळी घ्या, नाही तर घेऊ नका."

आबांनी नकाशातल्या निळ्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "बठ्ठी द्या."

सोमवारी मूळ कागद घेऊन मी स्वतः सुनावणीला गेले. तसा नियम आहे, मूळ कागद दप्तरातल्या माणसाच्या हाताशिवाय हलत नाही. वरच्या गावचे भाऊ, म्हणजे पाटावर कांदा लावणारेच, नकाशा बघून लाल झाले. म्हणाले, शाई नवीन वाटते. इंजिनीअरसाहेबांनी कागद उजेडाला धरला तर भोकांतून त्यांच्याच शर्टावर पाच कवडसे पडले. शाईचा विषय तिथेच संपला. मग मी शेवटचं पान वाचलं. भाऊंचा चेहरा बघता बघता खुलला.

"आमची काही हरकत नाही साहेब," ते म्हणाले. "कागदात आहे ते सगळं होऊ द्या. आमच्या हद्दीतला गाळसुद्धा. आबा, फावडी आहेत ना गावात? नसतील तर आमची न्या."

"फावडी शेत," आबा म्हणाले. "तुम्ही फक्त कांदा काढी ल्या."

आराखड्यात पाट आला. उन्हाळ्यात खालचं गाव बंधाऱ्यापासून गाळ उपसत खाली उतरलं, आणि वरच्या गावचे लोक झाडाखाली बसून त्यांना कुठे राहिलंय ते दाखवत होते. आबांनी फोनवर मला ज्या शिव्या दिल्या, त्या मोडीतही लिहिता येणार नाहीत. पण पाळीच्या पहिल्या दिवशी पाणी त्यांच्या फडात शिरलं, तेव्हाही फोन त्यांनीच केला.

सात नंबरच्या कपाटातले रुमाल आता भोकांवरून जोडी लावत परत बांधतेय. निम्मे झालेत. नक्कल मागायला येणाऱ्याला मात्र मी अर्ज घेण्याआधीच विचारते, "सगळे कागद हवेत ना?" बरेच जण म्हणतात, घरी विचारून येतो.