बाटल्या उचलणाऱ्या मॅडम

मॅडम तपासणीला आल्या की मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळायच्याच नाहीत. थेट वर्गात शिरायच्या आणि बाकांवरच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून उचलून बघायच्या. हलवायच्या, भरलेली असली की कपाळाला आठी घालून परत ठेवायच्या, बोलायच्या काहीच नाहीत. शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होत्या त्या. शिरगावातली आमची प्राथमिक शाळा त्यांच्या हद्दीत यायची. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव पडलं होतं 'बाटलीवाल्या मॅडम'.

मला त्या आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. मी तेव्हा दुसरीची वर्गशिक्षिका होते. त्यांच्या आधीचे साहेब यायचे, बटाटेवडे खायचे, हजेरीपटावर सही ठोकायचे आणि 'छान चाललंय' म्हणून जायचे. या बाई चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. जो अधिकारी चहा घेत नाही, त्याला काहीतरी मोठं हवं असतं, असं माझं मत होतं. त्या कधी मागतात याची मी दोन वर्षं वाट बघितली. त्यांनी काही मागितलं नाही, तेव्हा माझा संशय आणखीच वाढला.

"चांगलं दिसतंय म्हणजे काल कुणीतरी आवरलंय," असं त्या म्हणायच्या. भिंतीवर नवा तक्ता दिसला की त्याचा कोपरा उचलून मागची भिंत बघायच्या. धडा वाचायला हात वर करणाऱ्या मुलाला खाली बसवायच्या आणि त्याच्या पाठीमागे लपलेल्याला उठवायच्या.

एका वर्षी आमच्या मुख्याध्यापक सरांना युक्ती सुचली. "बाईंना रिकाम्या बाटल्या आवडतात ना? देऊ की!" तपासणीच्या दिवशी छोट्या सुट्टीनंतर सगळ्या वर्गांनी रांगेत जाऊन बाटल्या व्हरांड्यातल्या कुंड्यांत ओतल्या. माझ्या वर्गाची रांग मीच लावली होती. मॅडम आल्या. एकेक बाटली उचलत गेल्या आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्या व्हरांड्यात गेल्या आणि एका कुंडीत बोट घातलं. बोट मुळापर्यंत चिखलात रुतलं.

"सर, तुळशीला पोहायला शिकवताय का?"

मॅडम परत आत आल्या आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीशेजारी बाकावर बसल्या. "पाणी ओतायला कुणी सांगितलं गं?"

मुलीने बेधडक माझ्याकडे बोट केलं.

"आणि रोज काय करतेस?"

"रोज घरी परत नेते."

"पीत का नाहीस?"

"प्यायलं की बाथरूमला लागते. तिथं दाराला कडी नाय. मैत्रीण बाहेरून दार धरते. ती आज आलीच नाय."

ही मुलगी सहा महिने माझ्यासमोर बसत होती. मुली जोडीने बाथरूमला जातात हे मी रोज बघत होते. 'जोडीने फिरायला ही बाग आहे का?' म्हणून मी त्यांना रागावलेही होते.

मॅडमनी पुढ्यात ठेवलेलं शेरेबुक मिटलं. "सर, माझ्या घराखालीच हार्डवेअरचं दुकान आहे. कडी आज मिळेल. ती लागली की मी शेरा लिहिते."

"मॅडम, त्याला प्रस्ताव पाठवावा लागेल, मंजुरी..."

"तोवर थांब, असं या मुलीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी कडी लागली, मॅडमनी येऊन शेरा लिहिला. निघताना मॅडम मला म्हणाल्या, "मुली जोडीने का जातात, हे विचारायला अधिकारी लागतो का हो बाई?" त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. तो राग उतरायला बरीच वर्षं लागली.

निवृत्तीनंतर त्या एकदाच शाळेत आल्या. तोवर मी मुख्याध्यापिका झाले होते. फाटकावर नव्या नियमाप्रमाणे रखवालदाराने त्यांना अडवलं आणि ओळखपत्र मागितलं. मी धावत गेले. "अहो सोडा, आपल्या मॅडम आहेत!"

"तुमच्या ओळखीवर का सोडायचं त्याने?" मॅडम मलाच ओरडल्या. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, वहीत नाव लिहिलं आणि 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'काही नाही.' वर्गावरून जाताना त्या दारातच थांबल्या. आत गेल्या नाहीत. म्हणाल्या, "आता मला अधिकार नाही."

गेल्या वर्षी त्या वारल्या.

आता तपासणी फोनवर होते. शाळेनेच फॉर्म भरायचा, शाळेनेच फोटो चढवायचे, शाळेनेच स्वतःला गुण द्यायचे. पेपर आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा. खात्यातून माणूस येतो, पण आधी फोन करून, आणि फॉर्ममधलंच पुन्हा विचारून जातो. यंदा मुलींच्या स्वच्छतागृहाला नवी दारं बसवली. आमच्या तरुण शिक्षिकेने झटपट फोटो काढले. "मॅडम, चेक करा ना, सगळं ग्रीन आलं!" फोटोत नवंकोरं दार होतं, चकचकीत कडी होती. छान दिसत होतं. मी फॉर्म पाठवायचं बटण दाबलं.

बटण दाबल्यापासून मला चैन पडेना. शाळा सुटताना मी फाटकाशी उभी राहिले आणि पहिलीच्या मुलींच्या बाटल्या उचलून बघू लागले. चौथी बाटली काठोकाठ भरलेली होती.

"तहान नाही लागली?"

मुलगी हळूच म्हणाली, "कडी वर आहे. हात नाय पुरत."

मी आत जाऊन बघितलं. सुताराने कडी स्वतःच्या डोळ्यांएवढ्या उंचीवर ठोकली होती. फोटो काढणारी शिक्षिका माझ्याहून उंच. पहिलीतल्या मुलीच्या उंचीचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, आणि माझ्याही डोक्यात नव्हता.

सुताराला तसाच परत बोलावला. "मॅडम, खाली कडी लावली तर दार कसं दिसेल?" म्हणाला. म्हटलं, दिसू दे कसंही. अंधार पडायच्या आत दुसरी कडी लागली. मग मी कपाटातून जुनं शेरेबुक काढलं. आता ते कुणी मागत नाही. मॅडमच्या शेवटच्या शेऱ्याखाली सगळं लिहिलं, माझ्या चुकीसकट, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्या मुलीने स्वतःहून बाटली माझ्या हातात दिली. रिकामी होती. मी तिला शाबासकी दिली, घरी पाठवलं, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर व्हरांड्यात जाऊन एकेका कुंडीत बोट घालून बघितलं.

माती कोरडी होती.