गोलपोस्टमागचे मामा

सुरत शहरात आजवर जेवढी माणसं हॉकीसाठी ओरडली असतील, त्या सगळ्यांचे आवाज एकत्र केले तरी माझ्या बायकोच्या मामांच्या एका ‘हाऽण’ला ते पुरे पडायचे नाहीत. जावई म्हणून मी सासरची बढाई मारतोय असं कुणी समजू नये. गोडादऱ्यातल्या शाळेच्या मैदानावर मामा ओरडले, की पलीकडच्या गल्लीतल्या बायका पोळी हातात तशीच धरून विचारायच्या, ‘‘कोणी मारला गोल?’’ पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे चोवीस यंत्रं एकदम खडखडणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर माणसाच्या कानाची आणि घशाची कायमची फारकत होते. मामांना स्वतःचा आवाज धड ऐकू येत नाही, त्यामुळे आपण कुजबुजतोय असंच त्यांना वाटत असतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माझ्या सासूच्या कानात हळूच सांगितलं होतं, ‘‘पोरगा जरा बुटका हाय, पन नोकरी चांगली हाय.’’ ते अख्ख्या मांडवाने ऐकलं आणि भटजी पुढची ओळ विसरले.

मामा मूळचे जालना जिल्ह्यातले. हॉकीची स्टिक त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही माळ्यावरचा डबा काढायला. आमच्या वस्तीतल्या लूम कामगारांच्या पोरींचा हॉकी संघ निघाला, तेव्हा रात्रपाळी करून झोपलेले मामा तो गलका बंद करायला म्हणून तणतणत मैदानावर गेले आणि पहिल्याच पेनल्टी कॉर्नरला तिथलेच होऊन बसले. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला ते आपल्या पोरींच्या गोलपोस्टमागे उभे राहू लागले आणि मध्यंतरानंतर पोरींबरोबर बाजू बदलू लागले. हॉकीतून ऑफसाइडचा नियम केव्हाच गेला, हे त्यांना मी, आमच्या कोचने आणि एका पंचाने वेगवेगळं समजावून पाहिलं. ‘‘गेला असंल तिकडं,’’ मामा म्हणाले, ‘‘गोडादऱ्यात अजून हाय.’’ पाहुणा संघ आला, की त्याची ताकद जोखण्याची त्यांची एक पद्धत होती. बाकावर पडलेली जर्सी ते चिमटीत धरायचे, उजेडाकडे करायचे, ताणून बघायचे आणि समोरच्या कोचला गंभीरपणे सांगायचे, ‘‘पोरी तयारीच्या हाईत, पन कापडात तुमाला फसिवलं.’’ एका नवसारीच्या कोचने यावरून खरोखरच दुकानदार बदलला. त्यानंतर तो हरला तरी मामांना भेटल्याशिवाय परत जात नाही.

खात्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं बोलणं हातांनी चालतं. सेठ आला, बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ संपला, तंबाखू दे, तुझ्या साळ्याला मुलगा झाला, या सगळ्याच्या खुणा आहेत आणि मामा त्या घरीही करतात. त्यांतली एक खूण सगळ्या वस्तीच्या अंगात मुरलेली आहे. उजवा हात डोक्यावर उंच न्यायचा आणि बोटं झटकन मिटायची. मूळ अर्थ, धागा तुटला, लूम थांबव. पण आमच्याकडे जेवताना भात नको असला तरी माणसं तसाच हात करतात आणि रांगतं पोर पायरीकडे निघालं तरी आई तशीच बोटं मिटते. ते पोरही थांबतं. इथं जन्मलेली पोरं आपसात गुजराती-हिंदी बोलतात, मराठी त्यांना अर्धीमुर्धी येते, पण ही खूण पुरती येते.

आता रेल्वेवाल्या सरांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून झालं. संघाचे पहिले कोच तेच. मूळचे अकोल्याचे, रेल्वेच्या नोकरीत सुरतेला आले, निवृत्त झाले आणि नवागामात राहिले. तरुणपणी रेल्वेच्या संघातून खेळलेले. आवाज इतका मऊ, की पोरींना धाक पडण्याऐवजी त्यांची दया यायची आणि त्या दयेपोटी पोरी जीव तोडून धावायच्या. अशा धावण्यातूनच गेल्या वर्षी आमचा संघ शहरातल्या स्पर्धेच्या फायनलला पोचला. मामांनी त्या दिवसासाठी तीन दिवस आधी पाळी बदलून घेतली होती आणि घसा जपायला म्हणून आदल्या दिवशी ते कुणाशी बोलले नव्हते. मामी म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

फायनल एक-एक अशी बरोबरीत होती आणि दोन-तीन मिनिटं उरली होती. समोरच्या संघाची एक उंच पोरगी चेंडू घेऊन सुटली. आमची कर्णधार सोनल आणि दुसरी बॅक, दोघी तिच्या मागे आपल्याच गोलकडे धावत होत्या आणि सोनलची स्टिक चेंडूपासून जेमतेम हातभर राहिली होती. आणि दोघी थबकल्या. दोनच पावलं, पण थबकल्या. गोल झाला, कप गेला. का थांबलात विचारलं तर सोनल रडत रडत म्हणाली, ‘‘पता नहीं, बस थांबून गेलो.’’ दुसरीलाही काही सांगता येईना. मग चहाच्या टपरीवर आमच्या तज्ज्ञांनी निकाल लावला, की समोरचीला पुढे येऊ देऊन पकडायचा काहीतरी डाव सरांनी पोरींना शिकवला होता आणि तो अंगाशी आला. सर स्वतःची बाजू मांडतील तर ते सर कसले. ‘‘माझंच काही चुकलं असेल,’’ एवढं म्हणून त्यांनी शिट्टी सोनलच्या हातात दिली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला मुलाकडे राहायला गेले.

त्यांच्या जागी आलेला नवा कोच मोबाईलवर आकृत्या काढून दाखवायचा. त्या आकृत्यांमध्ये आमचा संघ प्रत्येक वेळी जिंकायचा. मैदानावर मात्र आम्ही तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत घरी आलो आणि एक दिवस नवा कोच आकृत्यांसकट दुसऱ्या संघाकडे गेला. तेवढ्यात बातमी आली, की बोलावलं तर रेल्वेवाले सर परत यायला तयार आहेत. मग काय विचारता. पंधरा दिवस गोडादऱ्यात दुसरा विषय नव्हता. केस कापायला गेलो तर न्हावी वस्तरा गळ्याशी धरून विचारायचा, ‘‘तुम्ही सरांच्या बाजूचे की विरुद्ध?’’ विरुद्ध पार्टीचा पुढारी होता आमचा वायरिंगवाला पाटील, बोलण्यात पक्का. सरांच्या पार्टीचे पुढारी अर्थातच मामा. ते टपरीवर भांडले, भाजीबाजारात भांडले, पाटलाच्या दुकानात पंखा दुरुस्तीला देऊन तो होईपर्यंत भांडले आणि पंखा चांगला झाला हे कबूल करून घरी आले. इतक्या त्वेषाने मामांना कुणाची बाजू घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ठरलं, की रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सगळ्यांनी बसून एकदाचा निर्णय करायचा.

त्या रविवारी मामा आणि मी चालत निघालो. फाटकाच्या अलीकडे मामा थांबले आणि त्यांच्या मते कुजबुजत, म्हणजे समोरची रिक्षा थांबेल अशा आवाजात म्हणाले, ‘‘जावईबापू, त्या पोरी सरांमुळं न्हाई थांबल्या. माझ्यामुळं थांबल्या.’’ रिक्षावाल्याला पुढे जायला सांगून मी त्यांना बाजूला घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की फायनलला ते गोलमागे उभे होते आणि उंच पोरगी सुटली त्याच क्षणी त्यांना गोलच्या जाळीचा वरच्या कोपऱ्यातला धागा तुटून लोंबताना दिसला. बाकी सगळी दुनिया चेंडूकडे बघत होती, हा माणूस जाळीकडे. पस्तीस वर्षांच्या सवयीने हात वर गेला आणि बोटं मिटली. समोरून धावत येणाऱ्या दोन पोरींनी तो हात पाहिला. आपण का थांबलो हे त्यांना कळलंच नाही, मामांना मात्र त्याच क्षणी कळलं होतं. ‘‘सांगितलं असतं तर मला मैदानात कोनी येऊ दिलं असतं?’’ ते म्हणाले. ‘‘मला दुसरं हाय काय, सांगा.’’ मामामामींना मूलबाळ नाही, कान गेलेले, पाळी संपली की हे मैदान आणि या पोरी.

सभेत पाटील अगदी रंगात आला होता. तीस-चाळीस माणसं, संघातल्या पोरी आणि भिंतीवर चढलेली निम्मी गल्ली त्याचं ऐकत होती. ‘‘फायनलमध्ये पोरींना पुतळे करून उभं करणारा कोच,’’ पाटील म्हणत होता, ‘‘त्याला परत आणायचा? उद्या तो गोलकीपरला बसायला सांगेल.’’ माणसं हसली. मान हलवणारे वाढत चालले. मामा बाकावर चढले. मी मनात म्हटलं, आता कान सांभाळा. पण मामांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पाटील बोलत होता, मागे दोन भांडणं चालू होती, पोरी खिदळत होत्या. मामांनी उजवा हात डोक्यावर उंच नेला आणि बोटं मिटली.

सगळं मैदान थांबलं. पाटील शब्दाच्या मधोमध थांबला, भांडणारे थांबले, पाण्याच्या नळाशी वाकलेली एक बाई कळशी तशीच धरून थांबली. मी स्वतः खात्यात कधी काम केलेलं नाही, मार्केटमधल्या पार्सल ऑफिसात बसणारा माणूस मी, पण कानांकडे नेलेले माझे हातही तसेच थांबले.

‘‘आत्ता तुमी का थांबले?’’ मामा म्हणाले. ‘‘तशाच त्या पोरी थांबल्या. जाळीचा धागा तुटला व्हता, म्या हात केला. सरांनी काय बी शिकिवलं नव्हतं. सरांना आना, मी न्हाई येनार हितं.’’ आणि ते बाकावरून उतरले. सोनल तोंडावर हात ठेवून उभी होती. पाटलाने बोलता बोलता हवेतच राहिलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं आणि खाली बसला. सरांना बोलवायचं की नाही यावर मत घ्यायचं राहूनच गेलं. दुपारी पाटीलच आपल्या मोटारसायकलवरून त्यांना आणायला कोसाडला गेला.

सर आले आणि सगळं ऐकून हसले. मामांच्या घरी जाऊन म्हणाले, ‘‘मामा, झालं गेलं. तुम्ही गोलमागं उभे राहा, पोरींना सवय आहे तुमची. आपण दुसरी खूण ठरवू.’’ पोरींनी तर मामांचे दंड धरून ओढलं. पण मामा हलले नाहीत. ‘‘सर, मला माझ्या हातांचा भरवसा न्हाई,’’ ते म्हणाले. सामन्याच्या आदल्या दिवशी ते मैदानावर जातात, नायलॉनच्या दोऱ्याने जाळीचं एकेक घर तपासून सांधतात आणि सामन्याच्या दिवशी घरात बसून राहतात. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस इतक्या हट्टाने गप्प बसलेला बघवत नाही, म्हणून मी त्यांना मैदानावरून व्हिडिओ कॉल लावून देतो. फोनवरचं त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा सामना मला खुणांनी सांगावा लागतो. मला दहा-बारा खुणा येतात. त्यामुळे पेनल्टी कॉर्नर मिळाला की मी ‘बीम संपला’ करतो आणि समोरच्यांनी गोल केला की ‘सेठ आला’. मामा समजून घेतात.

परवा आमच्या पोरी फायनल जिंकल्या. मैदानभर नाच चालला होता, पाटील सरांना खांद्यावर घेऊन फिरत होता आणि मी फोनसमोर हात उचलून तसाच उभा राहिलो, कारण जिंकल्याची खूणच लूमवर नसते. खात्यात ती कधी कुणाला लागली नसावी. पडद्यावर मामांचं अर्धं कपाळ आणि एक डोळा वाट बघत होता. शेवटी मला सुचलं ते केलं. अंगठा ओठांशी नेऊन दोनदा हलवला: चहा आलाय, काम सोड आणि ये. पस्तीस वर्षांत याहून चांगली बातमी त्यांना खात्यात कुणी दिली नसेल. पडद्यावर एकदम नुसतं छत आणि फिरता पंखा दिसू लागला.

दहा मिनिटांनी मामा शाळेच्या फाटकात आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. आतल्या पोरी हाका मारत होत्या, पण त्यांचं पाऊल उचलेना.

‘‘मॅच संपली ना, पक्कं?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘संपली, मामा.’’

तेव्हा कुठे त्यांनी हात सोडले आणि आत आले.