बुआजींच्या रक्तात जागं राहिलेलं जनुक

डॉ. वसुधा नेवरेकर यांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या खोलीत झाली. मी उदगीरहून एम.एस्सी. होऊन दिल्लीला आले होते. कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात माझे मामू नोकरीला होते. त्यांच्या खोलीत बॅग टाकली आणि थेट दक्षिण दिल्लीतली संशोधन संस्था गाठली. समोरची सगळी मंडळी इंग्रजीत बोलत होती आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या, सुती साडीतल्या एक बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "रेहाना, तुमच्या डोळ्यातल्या पेशीत जी जनुकं आहेत तीच यकृतातल्या पेशीतही आहेत. मग डोळा पित्त का तयार करत नाही?"

"कारण तिथे ती जनुकं बंद असतात," मी म्हणाले.

"कोण बंद करतं?"

"ठाऊक नाही."

"मलाही पुरतं ठाऊक नाही!" बाईंचा चेहरा असा खुलला, जशी काही मीच त्यांना आनंदाची बातमी दिली होती. "सोमवारपासून या. मिळून शोधू."

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शोधनिबंधांविषयी, त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेविषयी माझ्याहून अधिकारी मंडळी लिहितीलच. मी एका कुटुंबाची हकीकत सांगणार आहे. आज इतक्या वर्षांनीही ती सांगायला बसले की माझा आवाज चढतो आणि घरातली मंडळी दार लावून घेतात!

त्याआधी थोडं माझं. सोमवारी मी रुजू तर झाले, पण राहायचं कुठे? मामूंच्या खोलीत फार दिवस राहता येणार नव्हतं. घरमालक फोनवर हो म्हणायचे आणि नाव कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. तिसऱ्या नकारानंतर मी बाईंना काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. संध्याकाळी त्यांनी आपली पांढरी मारुती अतिथिगृहासमोर उभी केली. "चलो, सामान उचला," एवढंच म्हणाल्या. बाईंचे यजमान केंद्र सरकारच्या सेवेत होते, लक्ष्मीबाई नगरात त्यांचं सरकारी घर होतं. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत मी तिथे राहिले. बाईंचे सासरे अण्णा, रेल्वेतून निवृत्त झालेले, कानाने जरा कमी. रमजान सुरू झाला तेव्हा ते पहाटे पूजेला उठायचेच, तर माझ्यासाठी दूध तापवून ठेवू लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या घरात अशा गोष्टींची चर्चा होत नसे.

ते दिवस मोठे चैतन्याचे होते. परदेशी कंपन्यांची कार्यालयं दिल्लीत उघडत होती. ज्या रसायनांची आम्ही महिनोन्महिने वाट पाहायचो, आणि जी विमानतळावरच्या उन्हात बर्फ वितळून नासून जायची, ती आता आठवड्याभरात, थंडगार, हातात पडायला लागली होती. खोकं आलं की बाई स्वतः कात्री घेऊन धावायच्या. "अच्छा, आता बहाणा उरला नाही यार," असं आपल्या दिल्लीकर मराठीत म्हणायच्या.

बाईंचा विषय रक्ताचा. आईच्या पोटात असताना बाळ एका वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक निजतं आणि मोठ्या माणसाचं जनुक कामाला लागतं. थॅलसेमिया झालेल्या मुलांत हे दुसरं जनुक आईवडील दोघांकडून बिघडलेलं आलेलं असतं. म्हणून त्यांना आयुष्यभर बाहेरून रक्त द्यावं लागतं. बाईंचं म्हणणं साधं होतं. या मुलांमध्ये पहिलं जनुक धडधाकट आहे, फक्त निजलेलं आहे. ते कोण निजवतं हे कळलं, तर त्याला उठवता का येऊ नये?

या कामासाठी आम्ही एका रुग्णालयातल्या मुलांच्या रक्त देण्याच्या कक्षात जात असू. तिथे मिनी भेटली. सहा वर्षांची, चुरुचुरु बोलणारी, हाताला सलाईनची पट्टी लावलेली असतानाही बाईंच्या चष्म्याशी खेळणारी. तिची आई किरण आणि वडील जुन्या दिल्लीतलं घर सोडून नुकतेच गुडगावच्या नव्या वसाहतीत राहायला गेले होते.

एके दिवशी किरणला ताप होता, म्हणून मिनीला तिची आत्या घेऊन आली. रोहतकला राहणारी, पन्नाशीची, सगळे तिला बुआजी म्हणत. बाई मिनीशी बोलता बोलता एकदम थांबल्या. बुआजींच्या डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता आणि गालांची हाडं वर आलेली होती. अगदी या मुलांसारखी.

"बुआजी, तुम्हाला कधी रक्त चढवलंय?" बाईंनी हिंदीत विचारलं.

"मला? कधीच नाही. दोन बाळंतपणं घरात झाली, म्हशी सांभाळल्या. थोडी कमजोरी आहे, ती लहानपणापासूनच."

बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. पण रक्ताचा थेंब मागितला तशा बुआजी उठल्या, मिनीची पिशवी उचलली आणि कक्षाबाहेर जाऊन बसल्या. त्यांच्या मुलीचं, पूनमचं, लग्न ठरलं होतं. आईच्या रक्तात काही निघालं ही गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर गेली असती तर?

दुसरं कुणी असतं तर तिथेच सोडून दिलं असतं. बाई पुढच्या रविवारी मला घेऊन गुडगावला निघाल्या; बुआजी अजून भावाकडेच मुक्कामाला होत्या. तेव्हाचं गुडगाव म्हणजे मोहरीची शेतं आणि त्यांच्या मधोमध उगवलेल्या इमारती. सेक्टरच्या पाट्या होत्या पण रस्ते नव्हते, किंवा रस्ते होते पण पाट्या नव्हत्या. विचारावं तर ज्याला त्याला आपलीच इमारत माहीत. शेवटी बाल्कनीत उभ्या असलेल्या मिनीनेच आम्हाला वरून हाका मारल्या. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट यायची होती. जिन्याने वर गेलो. बुआजी स्वयंपाकघरात होत्या. त्या बाहेर आल्या, पण बसल्या नाहीत.

"डॉक्टरनीजी, लड़की की बात पक्की हो चुकी है. ख़ून में खोट निकल आई तो?"

बाई मूळच्या सांगलीच्या, त्यांची हिंदी तेव्हाही तिकडच्याच वळणाची होती. त्या म्हणाल्या, "बुआजी, मुझे आपकी बीमारी नहीं ढूँढनी है. आप इतने साल तंदुरुस्त कैसे रहीं, वो ढूँढना है."

बुआजी दुपट्ट्याने हात पुसत म्हणाल्या, "ये तो आज तक किसी ने पूछा ही नहीं," आणि खुर्चीवर बसून त्यांनी हात पुढे केला.

रक्त घेऊन झाल्यावर बाई निघाल्या नाहीत. चहा घेताना त्यांनी बुआजींना स्पष्ट सांगितलं, "मी कुणाला काही कळू देणार नाही. पण मला वाटतं तसं असेल तर पूनमकडे एक बिघडलेलं जनुक नक्की आलेलं आहे. तिला स्वतःला काही होणार नाही. मात्र होणाऱ्या जावयाकडेही तसंच असेल, तर त्यांच्या मुलांना मिनीसारखा त्रास होऊ शकतो. मुलाची तपासणी करून घ्या. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." बुआजी कप उचलून आत गेल्या. परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "बरोबर बोलले ना गं मी?"

प्रयोगशाळेत आम्ही कामाला लागलो. आधी जनुकांची तपासणी. मिनीच्या जनुकात जो बिघाड होता, तोच, त्याच जागी, बुआजींमध्येही होता आणि दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेला होता. म्हणजे कागदावर आत्या आणि भाची सारख्याच आजारी. तरी एक म्हशी सांभाळत होती आणि दुसरी दर महिन्याला रक्ताच्या पिशवीला जोडलेली. मग जे निजायला हवं होतं ते जनुक बुआजींच्या पेशीत चालू आहे का, हे पाहायचं होतं. त्याची खूण एक्स-रेच्या फिल्मवर काळ्या पट्टीसारखी उमटते. त्या दुपारी फिल्म धुवायला बाई अंधाऱ्या खोलीत गेल्या. मी दाराशी उभी.

दार उघडलं आणि पाणी गळणारी फिल्म दोन्ही हातांत धरून बाई कॉरिडॉरमधून अक्षरशः धावत सुटल्या. "जागं आहे! रेहाना, जागं आहे!" शेजारच्या प्रयोगशाळेतले बंगाली प्राध्यापक बाहेर आले; 'जागं'च्या ठिकाणी त्यांना 'जगह' ऐकू आलं होतं. "वसुधाजी, कौन-सी जगह?" बाईंनी त्यांच्यासमोर फिल्म धरली. पट्टी काळीभोर, ठसठशीत. पन्नाशीच्या बाईच्या रक्तात तान्ह्या बाळाचं जनुक टक्क जागं होतं! प्राध्यापक बघत राहिले आणि मग त्यांनीही बाईंचे दोन्ही हात धरून मुलासारखी उडी मारली. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणाचंच काम झालं नाही.

पुढच्या काही महिन्यांत कारणही सापडलं. त्या जनुकाच्या थोडं अलीकडे, जिथून त्याला चालू-बंद व्हायचा हुकूम मिळतो त्या पट्ट्यात, बुआजींमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा फरक होता आणि तो दोन्ही बाजूंनी होता. मग मिनीचं रक्त तपासलं. तिच्यातही तोच फरक निघाला, पण वडिलांकडून आलेला, एकाच बाजूला. आत्याचं अर्धं नशीब भाचीच्या वाट्याला आलं होतं. त्या अर्ध्याला ढकलून पुढे नेता येईल का?

रक्ताच्याच दुसऱ्या एका आजारावर वापरलं जाणारं एक जुनं औषध होतं. ते हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर ताण आणतं, आणि अशा ताणात सापडलेली पेशी कधी कधी बाळपणीचं जनुक पुन्हा चालू करते. रुग्णालयातल्या कक्षप्रमुख डॉक्टर सावध होत्या आणि ते योग्यच होतं. त्यांनी अटी घातल्या, बाईंनी सगळ्या मान्य केल्या. किरणला समोर बसवून बाईंनी औषधाचे धोके आधी सांगितले, आशा नंतर. "चालेलच असं नाही," त्या म्हणाल्या. किरण म्हणाली, "मला खोटा दिलासा देणारे पुष्कळ भेटले, दीदी. तुम्ही धोका सांगितलात, म्हणून विश्वास बसतोय."

औषध सुरू झालं. पहिल्या महिन्यात काहीच नाही. दुसऱ्या महिन्यातही मिनीला नेहमीच्या वेळी रक्त लागलं. बाईंचं जेवणात लक्ष लागेना. मी त्यांच्या घरी गेले की अण्णा मला विचारत, "त्या पोरीचं काय झालं?" आणि मी ओरडून सांगत असे, "अजून काही नाही!" त्यानंतरच्या खेपेला मिनी आली, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी रक्ताची पिशवी परत पाठवली. हिमोग्लोबिन खाली आलंच नव्हतं. त्या आठवड्यात किरणने टेलिफोनच्या बूथवरून प्रयोगशाळेत फोन केला. ती रडत होती की हसत होती ते आधी कळेना. "दीदी, मिनी अपने आप ऊपर चढ़ गई! सारी सीढ़ियाँ! मैं पीछे रह गई!" बाईंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मिनीला रक्त लागायचं ते हळूहळू दुर्मीळ झालं, आणि पुढे बरीच वर्षं लागलंच नाही.

हे सगळ्यांच्या बाबतीत झालं नाही, आणि ते बाईंनी कधी लपवलं नाही. कक्षातल्या काही मुलांना त्या औषधाचा उपयोग झाला नाही. पालकांच्या बैठकीत बाई स्वतः उभ्या राहून ते बोलल्या. एक वडील भडकले, नको ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, आणि बैठक संपल्यावर त्याच गृहस्थांच्या मुलाजवळ जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "ज्यांचं झालं त्यांचं आपण सांगतोच. ज्यांचं झालं नाही त्यांच्यामुळे पुढचा प्रश्न कळतो." पुढची कितीतरी वर्षं त्यांनी त्याच मुलांच्या रक्तावर काम केलं.

आणि पूनम? बुआजींनी महिनाभर विचार केला आणि एका दिवशी मुलाकडच्यांना स्वतःहून सगळं सांगून टाकलं. मुलगा नोएडातल्या एका नव्या कंपनीत इंजिनीअर होता. तो म्हणाला, "कुंडली मिला ली, अब ख़ून भी मिला लेते हैं," आणि शर्टाची बाही वर करत आमच्याकडे आला. त्याच्या रक्तात काही निघालं नाही. निकाल हाती पडताच बाईंनी रोहतकला फोन लावला आणि पलीकडून ढोलकच वाजायला लागली म्हणा ना! त्या लग्नात बुआजींनी बाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख करून दिली, "इन्होंने मेरी सेहत का राज़ निकाला है." आजाराचा शब्दही नाही!

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेआधी मी घाबरले, तेव्हा बाईंनी मला अण्णांसमोर बसवलं. "यांना मराठीत समजावून सांग." अण्णांना ऐकू यावं म्हणून प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागे, आणि अवघड शब्दांआड लपायला जागाच राहत नसे. शेवटी अण्णा म्हणाले, "म्हणजे अंगात सगळं असतं, वेळेला उठलं पाहिजे." बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बिल्कुल! झाली पास!" परीक्षकांसमोर मला कसलीही भीती वाटली नाही. आज मी स्वतः शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या घरच्या भाषेत सांगायला लावते.

बाई आता मयूर विहारच्या सोसायटीत राहतात. गुडघे कुरकुरतात, पण जिज्ञासा तरुण आहे. एकेका पेशीतली जनुकं वेगवेगळी मोजायचं नवं तंत्र आलं तेव्हा त्यांनी मेट्रोने येऊन, माझ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून ते शिकून घेतलं. मागच्या आठवड्यात सकाळीच फोन. "रेहाना, काल आपण जे म्हणत होतो ना, ते चूक निघालं! किती मजा!"

बाई, तुम्हाला दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, डोळे स्वच्छ राहोत. तुमच्या प्रयोगशाळेतून निघून जगभर पांगलेली आम्ही सगळी मुलं तुमचे सकाळचे फोन अजून पुष्कळ वर्षं घेत राहू. आणि दर वाढदिवसाला तुमच्या हाताशी एक तरी असा प्रश्न असो, ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही.