सोडा, अण्णा!

आमच्या आत्याला राग यायला कारण लागत नाही. त्या दिवशी मात्र कारण होतं, आणि ते तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, घरपोच आणून दिलं होतं.

आत्याचं विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. जळकी तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारायचं आणि मोटार जाळून आणणाऱ्या गिऱ्हाइकाची खरडपट्टी काढायची. खरडपट्टी फुकट. आजोबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, झटका आला तेव्हा कुणाला न विचारता तिने त्यांना आपल्या घरी नेलं. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताला पकड होती, पण एकदा धरलेलं त्यांना सोडता यायचं नाही. चमचा धरला की चमचा, आत्याची बाही धरली की बाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना सोडायला शिकवा."

आत्याने माळ्यावरून अण्णांची जुनी खेळण्यातली आगगाडी काढली. पलंगावर आडवी फळी, फळीवर रूळ. रुळाच्या एका तुकड्याखाली तारेची कॉइल. बटण दाबलं की तिचं लोहचुंबक होतं. वर डब्याची कडी आली असेल, तर कडीखालची लोखंडी चकती खेचली जाते, कडी उघडते आणि इंजिन डबा सोडून पुढे जातं. वर डब्याचं पोट आलं असेल, तर पोटातला दांडा खेचला जातो, डब्यावरचा हौदा कलंडतो आणि लाकडी गोळ्या बाजूच्या थाळीत पडतात. बटण मात्र दाबून लगेच सोडायचं. धरून ठेवलं की कॉइल तापते आणि जळते.

आत्याला नेमकं हेच हवं होतं, सोडावंच लागेल असं बटण. अण्णा धरून ठेवायचे, कॉइल जळायची, आत्या शिव्या घालत नवी गुंडाळायची. मला तिचा राग यायचा. म्हाताऱ्या माणसाला किती पिडायचं?

बाबांनाही तेच वाटलं. ती दुकानात असताना त्यांनी तारेत एक डबी बसवून घेतली. बटण कितीही दाबून धरा, क्षणभराने वीज आपोआप तुटणार. संध्याकाळी आत्या आली. अण्णांचा अंगठा बटणावर रुतलेला आणि हौदा मजेत खाली येतोय, हे पाहून तिचं डोकंच फिरलं.

"हे कुणी केलं?"

"मी. आजारी माणसाच्या उशाशी धूर काढतेस, काही वाटतं का ताई?"

"अरे शहाण्या, मग त्यांनी बोट उचलायचं कशाला? कॉइल वाचवलीस आणि त्यांना बसवलंस तसंच!"

"इतक्या दिवसांत एकदा तरी उचललं का त्यांनी?"

तिने पक्कड घेतली, डबी तोडून कोपऱ्यात भिरकावली, गोळ्या भरल्या आणि डबा बरोबर कॉइलवर आणून उभा केला.

"दाबा."

अण्णांनी दाबलं. गोळ्या थाळीत पडल्या.

"सोडा."

वार्निशचा वास सुटला. बाबा अण्णांचा अंगठा उचलायला पुढे झाले, तशी तिने त्यांच्या हातावर फटका मारला. "हात लावून तर बघ! सोडा, अण्णा! जन्मभर आमच्यावर डाफरलात, आता एक बोट उचलवत नाही? सोडा म्हणते ना!"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. डोळे तिच्यावर रोखलेले. रुळाखालून धूर आला, खट्‌कन हौदा खाली बसला. कॉइल गेली होती. बाबांनी प्लग खेचला. "झालं समाधान?"

तेवढ्यात अण्णांचा अंगठा हलला. थरथरला आणि बटणावरून वर आला.

"आत्ता?" आत्या ओरडली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. "कॉइल मेल्यावर? आधी काय झालं होतं?" मग ती बाबांवर खेकसली, "बघत काय उभा राहिलास? दुकानातून तार आण. बारीक!"

एरवी तिचं एक ऐकून न घेणारे बाबा मुकाट्याने चपला शोधू लागले. अण्णा मात्र अंगठा वरच धरून बसले होते.