शर्वरीच्या दातांचं माप

"हे घे. धुतलंय."

सरांच्या तळहातावर शर्वरीचं जुनं माउथगार्ड होतं, ठोशापासून दात वाचवायचं रबर. निळं. कडेला चावून चावून पांढरं पडलेलं. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरात तिचं नाव, अर्धं पुसलेलं.

बीडच्या आमच्या बॉक्सिंग हॉलात त्या दिवशी पंधरा-वीस पोरी होत्या. हाताला पट्ट्या गुंडाळत बसलेल्या. सगळ्यांचे हात थांबले.

शर्वरीची आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. ती म्हणाली, "शर्वूनं नवीन करून घेतलं. या निळ्याचा तिला कंटाळा आला. टाकूनच देणार होते, म्हटलं हिला होईल. यांच्याकडं कुठं असतंय असलं काही."

कुणीतरी फिसकन हसलं.

"थँक्यू म्हण की गं," सर म्हणाले.

मी म्हटलं. आणि ते तोंडात घातलं. सगळ्यांच्या समोर. पंधरा वर्षांची होते मी. पुदिन्याच्या टूथपेस्टची चव आली. माझ्या घरात तसली पेस्ट कधी आली नव्हती. म्हणजे ती चव शर्वरीची होती.

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. दिवाळी झाली की माय-बाप ऊसतोडीला जायचे. मी बीडला मावशीकडं. मावशी क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये भांडी घासायची, चपात्या लाटायची. सरांचा डबा त्याच मेसमधून जायचा आणि तो पोचवायला मी जायचे. डबा ठेवून खिडकीशी उभी राहायचे. एक दिवस सर म्हणाले, "नुसती बघतीस काय, पॅड धर." मी ठोसे झेलायचं पॅड धरलं. महिनाभरानं ग्लोव्ह चढवले. वर्षभरानं शर्वरीसमोर उभी राहिले, कारण तिच्या वजनाची हॉलात मी एकटीच होते.

शर्वरी बीडचे पुढारी आण्णासाहेब, त्यांची लेक. हॉलची जागा आण्णासाहेबांनी मिळवून दिलेली, रिंगही त्यांनीच दिलेली. दारावर त्यांचा फोटो. सर मला बाजूला घेऊन सांगायचे, "तिला जपून मार बरं." तिला असं कुणी सांगितलं नाही. ती पूर्ण ताकदीनं मारायची आणि मी निम्म्या. घरी जाताना माझा उजवा हात शिवशिवायचा. न मारलेले ठोसे हातातच राहायचे.

दातांचं म्हणाल तर मी रुमालाची घडी दातात धरून खेळायचे. सरांना दिसायचं. ते काही म्हणायचे नाहीत.

आणि एक दिवस शर्वरी म्हणाली, "चल गं माझ्यासंगं दातांच्या डॉक्टरकडं. एकटीला बोर होतंय." पांढऱ्या गाडीतून गेलो. मला वाटलं बाहेर बसवतील, पण डॉक्टरीणबाईंनी आत स्टूल दिलं. म्हणून मला सगळं दिसलं.

शर्वरी खुर्चीत आडवी झाली. बाईंनी गुलाबी लगदा कालवला, लोखंडी साच्यात भरला आणि तिच्या वरच्या दातांवर दाबून धरला. "हलू नको बाळ. नाकानं श्वास घे. दुखतंय का?" तीनदा विचारलं, दुखतंय का. शर्वरीला काहीच दुखत नव्हतं.

मग त्या मला समजावून सांगायला लागल्या, मी एवढी टक लावून बघत होते म्हणून असेल. या साच्यात प्लास्टर ओतायचं, दातांची हुबेहूब नक्कल निघते, तिच्यावर रबर तापवून बसवायचं. "प्रत्येकाचं माप वेगळं. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. सैल असलं तर उलट घात होतो."

फळीवर प्लास्टरचे दात मांडून ठेवलेले होते. प्रत्येकाखाली नाव. मी ती नावं वाचत बसले. बीडमधल्या मोठ्या घरांची आडनावं. मला त्या प्लास्टरच्या दातांचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. शर्वरीची गाडी, तिचे बूट, तिचा दुधाचा ग्लास, यांचा कधी एवढा वाटला नाही. तिच्या तोंडाचं कुणीतरी माप घेतलं. तिचा दात पडू नये म्हणून एक शिकलेली बाई अर्धा तास वाकून उभी राहिली.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गार्ड आलं, त्याला छोटी डबी होती. एकदा शर्वरी पाणी प्यायला गेली आणि मी डबी उघडली. गार्ड तोंडात घातलं. बसलं नाही. माझा पुढचा एक दात जरा बाहेर आलेला, तो आतून अडला, हिरडीला टोचलं. तरी मी दाबत राहिले. दाबून दाबून बसवायला बघत होते. पावलं वाजली तसं काढलं, पुसलं, ठेवून दिलं. खिडकीतून फेकून द्यावं असंही वाटलं होतं.

तेच गार्ड चार महिन्यांनी सरांनी मला सगळ्यांसमोर दिलं. मला आधीच माहीत होतं ते बसत नाही. तरी घातलं. मागून घेतलं नव्हतं, पण मनात कधीपासून मागत होतेच, म्हणून तोंड उघडलं गेलं.

ते धरून ठेवायला जबडा आवळावा लागायचा. तोंडानं श्वास घेतला की निसटायचं. एकदा मॅटवर पडलं, तर शर्वरीनं ते बुटानं बाजूला सरकवलं. मुद्दाम नव्हे, वाटेत आलं म्हणून. मी उचललं, धुतलं, परत घातलं.

आठवड्याभरानं ते नको त्या वेळी सरकलं. मी श्वास घेत होते आणि तिचा सरळ ठोसा आला. पुढचा दात अर्धा तुटला. मॅटवर रक्त, माझ्या बनियनवर रक्त, तिच्या ग्लोव्हवर रक्त.

शर्वरीची आई धावत आली. ओढणीनं तिनं आधी ग्लोव्ह पुसला. मग म्हणाली, "दिलेलं नीट वापरता पण येईना."

सर म्हणाले, "तोंड बंद ठेवायचं ना बे." मला पोरांसारखं 'बे' म्हणायचे ते. आधी मला ते आवडायचं.

संध्याकाळी मायला फोन लावला. ती उसाच्या फडातून नुकतीच कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, आलेली.

"माय, दात तुटला."

"म्होरला का मागला?"

"म्होरला. अर्धा."

तिनं मागच्या माणसांना गप्प केलं. मग म्हणाली, "दुखतंय का गं?"

मी रडले. सरांनी दिलेल्या गार्डचं सांगितलं.

"म्हंजी ते रबर त्या पोरीच्या तोंडातलं व्हतं?"

"हां."

"उष्टं घातलंस तू तोंडात?" तिचा आवाज चढला. "आमी हितं पाचट अंगावर घेतोय, ते तू कुनाचं उष्टं चघळावं म्हून? कावून घातलंस? तुला तोंड न्हवतं का न्हाई म्हनायला?"

मला वाटलं होतं ती शर्वरीला शिव्या देईल. तिनं मला विचारलं.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड होती. आमच्या वजनात दोघीच, शर्वरी आणि मी, म्हणजे एकच लढत. आमच्या आधीची दुसऱ्या पोरींची लढत मी अंबाजोगाईच्या एका पोरीचं गार्ड बघत बसून काढली. ती म्हणाली, "हे दुकानात मिळतं. गरम पाण्यात मऊ करायचं आणि आपल्या दाताखाली दाबायचं. डॉक्टरनं केल्यासारखं न्हाई बसत, पण आपलं असतंय. तुमच्या सरांनी सांगितलं न्हाई का?"

पंचांनी मला रिंगजवळ थांबवलं. "माउथगार्ड?"

सरांनी खिशातून ते निळं काढलं.

मी म्हटलं, "मी न्हाई घालणार. ते तिचं उष्टं हाय."

"त्याच्याबिगर रिंगात सोडत न्हाईत," सर म्हणाले.

"माहीत हाय. सर, दुकानात नवीन मिळतं हे तुमाला ठाऊक होतं ना?"

सरांनी इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणाले, "होतं. पण फुकट मिळत असताना..."

वर्षभर रुमाल बघितला होता त्यांनी. माझ्या दातांची किंमत त्यांनी मनात कधीच ठरवून टाकली होती.

मी ओठ मिटून उभी राहिले. पंचांनी थोडा वेळ वाट बघितली आणि शर्वरीचा हात वर केला. एकही ठोसा न मारता. तिच्या तोंडात नवीन गार्ड होतं, तिरंगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथून हलले नाही. सगळ्या टाळ्या ऐकल्या.

त्यानंतर हॉल सोडला. मेसमध्ये पहाटे चपात्या लाटल्या, शाळेच्या मैदानावर एकटीनं पळाले, झाडाला पोतं बांधून मारलं. आणि स्वतःच्या कमाईनं त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी ओळखलं. "तू शर्वरीबरोबर आली होतीस ना?"

"तेव्हा आलते. आज माझी मी आलेय. माझं माप घ्या."

त्या म्हणाल्या, आधी तुटलेला दात नीट करू. मी म्हटलं ते सवडीनं, आधी माप. लगदा गार होता, घशाशी आला, डोळ्यांतून पाणी आलं. मी हलले नाही.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. एवढ्या वर्षांनी. यंदाच्या निवडीला मी शर्वरीच्याच वजनात नाव दिलंय, ते त्यांच्या कानावर गेलं असणार.

"ऐक, निवड हाय पुढच्या महिन्यात. तू दोन किलो उतरव. खालच्या गटात कुणीच तगडं न्हाई, तुझी जागा पक्की. आण्णासाहेबांचा पन निरोप हाय, तुझा सगळा खर्च ते बघतील."

"आणि शर्वरी?"

"ती तिच्या वजनात. दोघी पन जाताल की राज्याला. भांडन कशाला?"

"न्हाई उतरवनार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला तिचा अजूनही हेवा वाटतो. तिच्या सरळ, पुऱ्या दातांचा वाटतो. हा हेवा जावा असं मला वाटत नाही. माझ्या वाट्याचं काय होतं आणि कुणी ते दिलं नाही, हे मला तो विसरू देत नाही.

मी खाते ते पोटभर खाणार. एक ग्रॅमही कमी करणार नाही. शर्वरी ज्या वजनात उभी राहील त्याच वजनात मी उभी राहणार, यंदा, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. जपून मारणार नाही. तिला जिंकायचं असेल तर मला मारून जिंकावं लागेल. माझ्याशी लढल्याशिवाय तिचा हात पुन्हा वर जाणार नाही.